घरातल्या ज्येष्ठांचे दात आणि बेताचा खर्च : पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी

सत्तरीच्या आईला किंवा वडिलांना दाढ दुखते म्हणून दवाखान्यात न्यावे आणि परतताना हातात एक अंदाजपत्रक असावे, ज्यावर चार रूट कॅनाल (दाताच्या मुळातली खराब झालेली नस काढून ती पोकळी भरणे), चार कॅपा (दातावर बसवायची टोपणे), तीन इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी हाडात रोवायचे खुंट) आणि तळाशी पेन्शनचे कित्येक महिने गिळून टाकणारी रक्कम लिहिलेली असावी, हा प्रसंग बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा येतो. मग एकतर ज्येष्ठ माणूस "आता या वयात कशाला एवढं" असे म्हणून विषय मिटवतो आणि पुढची वर्षे मऊ भातावर काढतो, नाहीतर मुले मनाला लावून घेऊन हप्त्यांवर सगळे उपचार एकदमच करून टाकतात. त्या कागदावर लिहिलेले बहुधा खोटे नसते, पण त्यातले सगळे आजच करायचे असते असेही नाही, आणि काही गोष्टी तर कधीच केल्या नाहीत तरी चालते. दातांच्या खर्चात घासाघीस करून फार थोडे वाचते. कामांचा क्रम नीट लावला आणि वेळ देण्याची तयारी ठेवली तर पुष्कळ वाचते. निवृत्त माणसाजवळ पैशापेक्षा वेळ अधिक असतो, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना त्याच भांडवलावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : जाण्याआधी घरी करायची तयारी

एका कागदावर चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे लिहून काढावीत किंवा गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या) चालू असतील तर दात काढण्याआधी दंतवैद्याला ते ठाऊक असावे लागते. मात्र त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, तो निर्णय दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल ॲलेन्ड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेतले असेल, तर ते न विचारता सांगावे, कारण या औषधांमुळे क्वचित दात काढलेल्या जागी जबड्याचे हाड भरून न येण्याची गुंतागुंत होते. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही सांगावे. मधुमेह असल्यास अलीकडची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी बरोबर ठेवावी. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांचा जंतुसंसर्ग राहिला की साखर आटोक्यात येणे अवघड होते, त्यामुळे या दोहोंचा खर्च एकमेकांत गुंतलेला असतो.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहावी, जी बहुतेक जण विसरतात: ज्येष्ठांना स्वतःला काय हवे आहे. कुणाला भाकरी चावता यायला हवी असते, कुणाला नातवाच्या लग्नात हसताना समोरची फट दिसायला नको असते, कुणाला फक्त रात्रीचा ठणका थांबायला हवा असतो. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि खर्चही वेगळे.

दुसरी पायरी : आधी निदान, मग खर्चाचे बोलणे

पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा, आणि ठणका किंवा सूज नसेल तर त्याच खुर्चीवर पुढच्या कामाला होकार देऊ नये. दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा ओपीजी नावाचा एक्स-रे काढला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. तो दुसऱ्या दवाखान्यात दाखवता येतो आणि पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. मग अंदाजपत्रक लेखी मागावे, आणि ते दातागणिक मागावे. रूट कॅनालच्या आकड्यात वरची कॅप धरली आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण बहुतेक ठिकाणी ती धरलेली नसते आणि अनेकदा कॅपच रूट कॅनालपेक्षा महाग पडते. कॅप नुसत्या धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली की झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक द्रव्याची), यावर दर बदलतो. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, धातूची कॅप उत्तम चालते.

प्रत्येक दाताबाबत एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: "डॉक्टर, यावर काहीच केले नाही तर येत्या वर्षभरात काय होईल?" चांगला दंतवैद्य या प्रश्नाने रागावत नाही. काही दातांबाबत उत्तर येते की पू होईल, सूज येईल, शेजारचा दात जाईल. काहींबाबत उत्तर येते की काही होणार नाही, फक्त जागा रिकामी राहील. इथेच यादी अर्धी होते. पुढचे दात आणि त्यांच्या मागच्या लहान दाढा वरखाली नीट जुळत असतील, म्हणजे एकंदर वीसेक दात कामाचे असतील, तर अगदी मागच्या मोठ्या दाढा नसल्या तरी बहुतेकांचे जेवण व्यवस्थित चालते, हे दंतशास्त्रात मान्य झालेले आहे. जपानमध्ये १९८९ पासून "ऐंशीव्या वर्षी वीस दात" अशी मोहीम चालते. तिथेही उद्दिष्ट वीसचे आहे, बत्तीसचे नाही. तेव्हा शेवटच्या पडलेल्या दाढेसाठी इम्प्लांट सुचवले असेल तर ते यादीत सर्वांत खाली सरकवण्यात काही चूक नाही.

तिसरी पायरी : कामांचा क्रम

सर्वांत आधी दुखणे आणि जंतुसंसर्ग. पू असलेल्या दातावर केवळ गोळ्या घेत राहणे हा खर्च पुढे ढकलण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. गोळ्यांनी सूज उतरते, कारण तसेच राहते आणि दोन महिन्यांनी तोच दात पुन्हा सुजतो. त्यानंतर हिरड्या, म्हणजे दातांवर जमलेले कीटण काढणे. "क्लिनिंग केल्याने दात हलायला लागतात" हा समज घराघरांत आहे. वास्तविक दात आधीच हललेले असतात आणि कीटणाने एकमेकांना जखडून ठेवलेले असतात, इतकेच. तिसऱ्या क्रमाने लहान कीड भरून घेणे, जी वेळेवर भरली तर रूट कॅनालचा खर्च टळतो. वाचण्यासारखे नसलेले दात त्यानंतर काढावेत. मात्र सुळे शक्य तितके राखावेत, कारण पुढे कवळी बसवायची वेळ आली तर तिला पकड देणारे सर्वांत भरवशाचे खांब तेच असतात. रिकाम्या जागा भरण्याचे काम सगळ्यात शेवटी. दात काढल्यावर हिरडी व हाड काही महिने आकार बदलत राहतात, म्हणून दोन-तीन महिने थांबून केलेली कवळी घाईने केलेल्या कवळीपेक्षा जास्त काळ घट्ट बसते.

या क्रमाचा आर्थिक फायदा असा की पहिली चार कामे तुलनेने स्वस्त असतात, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या महागड्या पाचव्या कामापर्यंत पोहोचेतो विचार करायला, दुसरे मत घ्यायला आणि पैसे बाजूला ठेवायला अर्धे वर्ष मिळते. सगळ्या उपचारांचे पैसे "पॅकेज" म्हणून आगाऊ भरू नयेत; जेवढे काम तेवढे पैसे, आणि प्रत्येक वेळी पावती.

चौथी पायरी : कुठे जायचे

खर्चाचा खरा फरक इथे पडतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात तपासणी, दात काढणे, दात भरणे ही कामे होतात, आणि ठणक्यासाठी जाण्याचे ते पहिले ठिकाण असायला हरकत नाही. कवळी आणि कॅप तिथे होईलच असे नाही. ते आधी विचारून घ्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने तिथे केस पेपर आणि उपचारांचे शुल्क लागते, पण ते खाजगी दवाखान्याच्या मानाने अगदी थोडे असते.

कवळी, रूट कॅनाल, कॅप यांसाठी दंत महाविद्यालयाला तोड नाही. शासकीय दंत महाविद्यालये मुंबईत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात), नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) परिसरात आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरात आहेत. मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, आणि सिंधुदुर्गातल्या दक्षिणेकडच्या लोकांना मुंबईपेक्षा ते कितीतरी जवळ पडते. पुण्यात शासकीय दंत महाविद्यालय नाही, मात्र धनकवडी, पिंपरी, वडगाव आणि कॅम्प भागात खाजगी दंत महाविद्यालये आहेत. तशीच ती नाशिक, कराड, सांगली, लोणी, लातूर, अमरावती, वर्ध्याजवळ सावंगी आणि कोकणात खेडलाही आहेत. खाजगी महाविद्यालयातही रुग्णाकडून घेतले जाणारे दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतात, आणि त्याचे कारण दयाबुद्धी नव्हे: दंतवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ठराविक संख्येने दात भरावे लागतात, कवळ्या कराव्या लागतात, त्याशिवाय त्याचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. बोळके झालेल्या तोंडाचे आजोबा त्या विद्यार्थ्याला जितके हवे असतात, तितका आजोबांना विद्यार्थी. या व्यवहारात कुणी कुणावर उपकार करत नाही, हे ज्येष्ठांना समजावून सांगितले तर त्यांचा संकोच जातो.

विद्यार्थी काम करतो म्हणजे ते कच्चे असते, ही भीती स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक टप्पा वरचे शिक्षक तपासतात आणि चुकला तर पुन्हा करायला लावतात. खाजगी दवाखान्यात अशी दुहेरी तपासणी क्वचितच होते. किंमत मोजावी लागते ती वेळेची. पूर्ण कवळीला पहिले माप, दुसरे माप, जबड्यांची जुळणी, मेणावर दात लावून पाहणे आणि शेवटी बसवणे अशा पाच तरी खेपा होतात, आणि प्रत्येक खेप अर्ध्या दिवसाची. केस अवघड असेल, म्हणजे खालचा जबडा झिजून सपाट झाला असेल किंवा आधीची कवळी जमलेली नसेल, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे देण्याची विनंती करावी. सकाळी नोंदणी सुरू होताना पोहोचावे, परीक्षेचा आणि सुट्टीचा हंगाम टाळावा, आणि ज्याच्याकडे काम सुरू झाले त्या विद्यार्थ्याचे नाव व विभाग केस पेपरवर लिहून घ्यावा.

खेपांचा प्रवासखर्च हा लपलेला खर्च असतो. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आहे, आणि महिलांना वयाची अट न ठेवता निम्मे तिकीट आहे. त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून कराडला पाच खेपा करणे वाटते तितके महाग पडत नाही.

एका ठिकाणी मात्र कितीही स्वस्त असले तरी जाऊ नये. आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला पेटी मांडून बसणारे "दातवाले" थंड पद्धतीने घट्ट होणारे प्लास्टिक थेट तोंडात ओतून शेजारच्या दातांना दात चिकटवून देतात. तो दात निघत नाही, त्याखाली ब्रश जात नाही, आणि वर्षभरात धरून ठेवणारे दोन चांगले दातही जातात. वरच्या कवळीला रबरी चकती लावून ती टाळूला चिकटवण्याचा प्रकारही याच लोकांचा. त्या चकतीने टाळूला भोक पडल्याच्या नोंदी दंतवैद्यकात आहेत. माझ्या एका मावशीने असा एक दात काहीशे रुपयांत बसवून घेतला होता, आणि त्यापायी पुढे तीन दात काढावे लागले. दवाखाना लहान असो वा मोठा, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे.

पाचवी पायरी : योजना, विमा आणि कर

इथे अपेक्षा आधीच बेताच्या ठेवाव्यात. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. पण ती योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. जबड्याचे फ्रॅक्चर किंवा तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तीत बसते, रूट कॅनाल किंवा कवळी बसत नाही. बाजारातल्या बहुतेक आरोग्य विम्यांचेही तसेच आहे: अपघातात दात तुटला तर भरपाई मिळते, किडीला मिळत नाही.

कवळीचे नाव स्पष्टपणे असलेली एक योजना मात्र आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) साठ वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांबरोबर कृत्रिम दातही मोफत देण्याची तरतूद आहे. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी तपासणी शिबिरे घेते, आणि शिबिर केव्हा आहे याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण विभागात करावी. शिबिरात काठी आणि चष्म्याची नोंद झटकन होते, दातांचे मात्र आपण होऊन विचारावे लागते. नावसाधर्म्यामुळे राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेशी तिची गल्लत होते. राज्याची योजना वेगळी असून तीत ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात.

माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींनी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधला दंत विभाग वापरावा, केंद्र सरकारच्या निवृत्तांनी सीजीएचएस ही केंद्राची आरोग्य योजना आणि रेल्वेच्या निवृत्तांनी रेल्वे रुग्णालय. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: निदान पाच वर्षे ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी भरून जो सेवावयोमर्यादेने निवृत्त झाला, त्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती वा पत्नीसाठी ईएसआयच्या उपचारांची सोय चालू ठेवता येते.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीचा आरोग्य विमाच नाही, तिच्या वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट ८० डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली मिळते, आणि खर्च मुलाने केला असेल तर मुलालाही मिळते. अट एवढीच की पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणून दवाखान्यात यूपीआयने, कार्डाने किंवा चेकने पैसे द्यावेत आणि रुग्णाच्या नावाची पावती जपून ठेवावी.

सहावी पायरी : कवळी घेताना आणि घेतल्यावर

सगळे दात गेलेल्यांसाठी साधी ॲक्रिलिकची (कडक प्लास्टिकची) कवळी पुरेशी असते. लवचिक कवळी म्हणून जी महाग दराने सुचवली जाते, ती काही दात शिल्लक असलेल्यांना कधी सोयीची पडते, पण पुढे सैल झाली तर तिला आतून भर घालून घट्ट करणे अवघड जाते. वरची कवळी टाळूला धरून चांगली बसते, त्रास असतो तो खालचीचा. जीभ हलली की तीही हलते. दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा कितीतरी अधिक झिजते हे त्यामागचे कारण. ज्यांना थोडा जास्त खर्च झेपतो त्यांनी अख्ख्या तोंडात इम्प्लांट बसवण्याऐवजी खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट घेऊन त्यांवर काढता-घालता येणारी कवळी बसवण्याचा पर्याय विचारावा. खालच्या जबड्यासाठी ही पद्धत जगभर मान्य आहे. साखर आटोक्यात नसेल किंवा विडी-सिगारेट सुटत नसेल तर इम्प्लांटवर पैसे घालू नयेत.

नव्या कवळीची सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. पहिल्या आठवड्यात हिरडीला टोचते, आणि तिथेच कित्येक कवळ्या कपाटात जातात. टोचणारी जागा दंतवैद्य पाच मिनिटांत घासून देतो, पण त्याला लाल झालेली जागा दिसायला हवी असते, म्हणून भेटीच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी कवळी त्रास होत असला तरी घालून ठेवावी. घरी कानशीने घासणे किंवा तुटल्यावर झटपट डिंकाने चिकटवणे, या दोन्ही प्रकारांनी कवळी कायमची निकामी होते. तुटली तर सगळे तुकडे जमवून न्यावेत. दुरुस्तीला नव्या कवळीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. काही वर्षांनी सैल झाली तर नवी करण्याआधी "आतून भर घालून मिळेल का" असे विचारावे.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नव्हे, ती वाकते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा पंचा असावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रुग्णालयात दाखल होताना तिच्यासाठी झाकणाची डबी न्यावी आणि डबीवर नाव लिहावे. कागदी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी सफाईत कचऱ्यात जाण्याचे प्रमाण कुठल्याही वॉर्डातल्या परिचारिकेला विचारावे.

घरची निगा

म्हातारपणी हिरड्या खाली सरकतात आणि मुळे उघडी पडतात, जिथे कीड झपाट्याने लागते. रक्तदाबाच्या आणि मनाच्या आजारांवरच्या अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, मग माणूस खडीसाखर किंवा खोकल्याची गोळी गालात धरून बसतो, आणि तो खडा जिथे विरघळतो तिथलीच मुळे सहा महिन्यांत काळी पडतात. त्याऐवजी घोट घोट पाणी प्यावे. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोनदा, मऊ ब्रशने. हात थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. मशेरी सोडावी, ती हिरड्यांना चांगली नसते आणि तंबाखूच असते. कातरलेली सुपारीही झिजलेल्या दाताला तडा देते.

सगळे दात गेले तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी विनामूल्य होते.